भीतीसकट वहिनी

शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात आला तेव्हा मी फळ्यावर भागाकार सोडवून दाखवत होते. "बाई, घरून फोन आहे," एवढंच तो म्हणाला. ऑफिसात जाऊन रिसीव्हर उचलला, तर पलीकडे दादा. दादा म्हणजे माझे थोरले दीर. इतक्या वर्षांत त्यांनी मला शाळेत कधी फोन केला नव्हता. "मंगल, तुझी वहिनी गेली गं," ते म्हणाले. नव्या पनवेलहून जुन्या पनवेलला रिक्षाने जाईपर्यंत मला वाटत होतं की ऐकण्यात काही चूक झाली असेल. चूक झाली नव्हती. सकाळी सगळं नेहमीसारखं उरकून, डबा पिशवीत घालून वहिनी कामावर निघाल्या होत्या. चप्पल घालायला वाकल्या आणि उंबऱ्यातच खाली बसल्या. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. मधुमेहाच्या माणसाला हृदयाचा झटका आला तरी कधी कधी छातीत दुखतसुद्धा नाही, असं डॉक्टर नंतर म्हणाले. वहिनींची अजून पन्नाशीही झाली नव्हती.

आता दीड-एक महिना होऊन गेला. तेराव्यापर्यंत घरात माणसांची ये-जा होती. जो तो म्हणत होता, "फार धीराची बाई. रोज स्वतःच्या हाताने सुई टोचून घ्यायची म्हणजे काही खायचं काम आहे?" मी चहाचे कप भरत ऐकत होते. खरं सांगायचं तर सुमनवहिनींइतकी सुईला घाबरणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. लोकांना दिसला तो धीर त्यांनी कसा मिळवला, ते मी एकाच घरात राहून जवळून पाहिलं. ते कुठेतरी लिहून ठेवावं असं वाटलं, म्हणून हे लिहिते आहे.

मी लग्न होऊन पनवेलला आले तेव्हा आम्ही सगळे तळ्याजवळच्या एका दोनमजली घरात वरच्या तीन खोल्यांत राहायचो. वहिनी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होत्या. तेव्हा पुण्याला किंवा नाशिकला बोलायचं म्हणजे ट्रंक कॉल बुक करून वाट बघत बसायला लागायचं. बाजारातले तांदळाचे व्यापारी, वकील, डॉक्टर, सगळे वहिनींना आवाजाने ओळखत, पण रस्त्यात समोरून गेल्या तर कुणी ओळखत नसे. त्याची त्यांना गंमत वाटायची. आवाज मोठा स्वच्छ आणि ठाम. पलीकडचा माणूस कितीही ओरडत असला तरी त्या शांतपणे म्हणायच्या, "लाइनवर राहा. जोडून देते." घरात नीता, म्हणजे त्यांची मुलगी, रडायला लागली की तिलाही त्याच आवाजात, "लाइनवर राहा," म्हणायच्या. मुलगी रडायची थांबून हसायला लागायची.

त्यांना मधुमेह निघाला तो पस्तिशीच्या आसपास. सुरुवातीला गोळ्यांवर भागलं. मोरीच्या कट्ट्यावर काचेची नळी, निळं औषध आणि स्पिरिटचा दिवा घेऊन त्या लघवी तपासायच्या. औषध निळंच राहिलं तर दिवस चांगला, हिरवं झालं तर पथ्य वाढवायचं, विटकरी झालं की त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. मग रोजच विटकरी व्हायला लागलं. वजन उतरलं, ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागले. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं, सकाळ-संध्याकाळ. चिठ्ठी घेऊन वहिनी घरी आल्या आणि देवासमोर ठेवावी तशी ती फळीवर ठेवून दिली. आठवडाभर कुणीच तिला हात लावला नाही.

त्यांची भीती उगीच नव्हती. लहानपणी गावी तापात कुणीतरी दंडावर इंजेक्शन दिलं होतं. ते पिकलं. मोठं गळू झालं आणि चौघांनी धरून ते चिरलं. दंडावर ती खूण होती, चार आण्याच्या नाण्याएवढी. सुई दिसली की त्यांना आधी त्या चार माणसांचे हात आठवत. नीताला लस टोचायची असली तरी त्या दवाखान्याबाहेर थांबत आणि दादा आत जात.

दादांनी एकदा घरीच प्रयत्न करून पाहिला. काचेची सिरिंज पातेल्यात उकळून घेतली, बाटलीतून औषध ओढलं, सगळं डॉक्टरांनी दाखवलं तसं केलं. आता टोचायचं म्हणून हात धरला, तर दादांचा हात थरथरायला लागला. तो बघून वहिनींनी दंड झटकला आणि सुई वाकली. "तुम्ही कचेरीतले कागद सांभाळा," वहिनी म्हणाल्या, "हे तुमचं काम नव्हे." त्यानंतर दादांनी सिरिंजला हात लावला नाही. माझी सकाळची शाळा, मी उजाडताच बाहेर पडायची. मग एकच मार्ग उरला. सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी येताना दवाखान्यात थांबायचं, तिथल्या सिस्टरकडून इंजेक्शन घ्यायचं. वहिनी भिंतीकडे तोंड करून, डोळे गच्च मिटून बसत आणि सिस्टर टोचत. असं जवळजवळ दोन वर्षं चाललं.

त्या दोन वर्षांत वहिनी पनवेलच्या बाहेर एक रात्रसुद्धा राहिल्या नाहीत. त्यांचं माहेर महाडच्या पुढे, आत एका खेड्यात. तिथे ना डॉक्टर ना नर्स. आई एकटी, थकलेली. पहाटेची एसटी पकडून जायचं, आईला दोन तास भेटायचं आणि लगेच उलट पावली फिरायचं, संध्याकाळचं इंजेक्शन चुकायला नको म्हणून. एकदा परत आल्यावर पिशवी खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आई विचारत होती, सासरचे राहू देत नाहीत का गं? काय सांगू तिला? सुई राहू देत नाही म्हणून?"

दवाखान्यातल्या बाकावर त्यांना हिराबाई भेटल्या. उरणकडच्या खाडीकाठच्या गावातल्या कोळीण. पहाटे टेंपोने मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात यायच्या आणि पाटी लावायच्या आधी दवाखान्यात हजेरी. त्यांनाही इन्सुलिन, पण सकाळचं एकच, कारण संध्याकाळी त्या गावाला परतलेल्या असत. अंगाने काटक, गळ्यात ठसठशीत सोनं, बाजारात चारचौघींना पुरून उरेल असा आवाज... आणि सिस्टरने सिरिंज उचलली की पदर तोंडात धरायच्या. ते बघून वहिनींना पहिल्यांदा हसू आलं, असं त्याच सांगायच्या. "तुमीबी भ्याता?" हिराबाईंनी विचारलं. "तुमच्यापेक्षा जास्त," वहिनी म्हणाल्या. तेवढ्यावर दोघींची मैत्री जमली. ज्या दिवशी एकीला यायला उशीर होई, त्या दिवशी दुसरी थांबून राही.

मग शिमगा आला. खाडीकाठी शिमगा म्हणजे घरोघरी पाहुणे, नाच, गाणी. बाजार बंद म्हणून हिराबाई पनवेलला आल्याच नाहीत. वहिनी रोज बाकावर बघायच्या. शिमगा सरला तरी हिराबाई नाहीत. शेवटी बाजारातल्या एका कोळणीकडून कळलं की त्यांना सरकारी दवाखान्यात ठेवलंय. वहिनी ड्यूटी संपल्यावर परस्पर तिकडे गेल्या, मीही सोबत होते. हिराबाई खाटेवर पडलेल्या. हाताला सलाइन, ओठ सुकलेले, गळ्यातलं सोनं काढून ठेवल्यामुळे एकदम वेगळ्याच वाटत होत्या. आदल्या दोन दिवसांत त्या शुद्धीवर नव्हत्या. इंजेक्शन बंद, त्यात ताप, रक्तातली साखर चढत गेली. घरच्यांना वाटलं, सणाचा शीण आला असेल, झोपू द्या.

"मना वाटलं बाय, सनाचं दोन-चार दिस नाय घेतलं तर काय व्हतंय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "डाक्तर बोल्ला, अजून थोडा येल गेला असता तर नाय वाचली असती."

वहिनींनी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. घराचा जिना चढताना मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "मंगल, सिस्टर उद्या आजारी पडली, तर मी कुठे जाणार आहे?"

हिराबाई बऱ्या होऊन आल्या तेव्हा डॉक्टरांनी दोघींना समोर बसवलं आणि सांगितलं की आता स्वतः शिकायचं, दुसरा उपाय नाही. सिस्टरने मोसंबी आणली. सिरिंजमध्ये पाणी भरून मोसंबीत टोचायचं. दोघींना ते छान जमलं. वहिनी घरी आल्या त्या पिशवीभर मोसंबी घेऊन. घरातल्या प्रत्येक मोसंबीला भोकं पडली. नीताने खायचं सोडलं. दादा म्हणाले, "आलं की आता तुला." वहिनी म्हणाल्या, "मोसंबी हात मागे घेत नाही हो."

तेच खरं होतं. स्वतःवर वेळ आली की दोघींचे हात जागच्या जागी थिजायचे. सुई कातडीपर्यंत जायची आणि परत फिरायची. असे किती दिवस गेले कुणास ठाऊक. शेवटी सिस्टर वैतागली. ती म्हणाली, "असं करा, एकमेकींना द्या. स्वतःचा हात ऐकत नसेल तर दुसरीचा ऐकेल." नियमात बसणारं होतं की नाही माहीत नाही, पण डॉक्टरांनी मान हलवली. शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही त्या दिवशी तिथे होते. आधी वहिनींची पाळी. त्यांनी हिराबाईंचा दंड चिमटीत धरला. मग एकदम त्यांचा तो ऑफिसातला आवाज आला, "हिराबाई, लाइनवर राहा," आणि सुई आत. हिराबाई पदर तोंडात धरून वाट बघतच होत्या. "कवा टोचताव?" त्यांनी विचारलं. सिस्टर हसायला लागली. टोचून झालं होतं.

आता हिराबाईंची पाळी. त्या उठून मोरीवर गेल्या, साबणाने हात धुतले, परत धुतले, मग कनवटीची लिंबाची फोड काढून बोटांना चोळली. "काय करताय?" वहिनींनी विचारलं. हिराबाई संकोचून म्हणाल्या, "तुमी म्हावरा खात नाय. हाताला वास येल तुमाला." वहिनी म्हणाल्या, "वासाचं काय घेऊन बसलात? माझा जीव इथे वर-खाली होतोय. सुई सरळ धरा म्हणजे झालं." आणि भिंतीकडे तोंड न करता, डोळे उघडे ठेवून त्यांनी दंड पुढे केला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी सुई आत जाताना पाहिली. नंतर मला म्हणाल्या, "एवढीशीच असते गं. मी डोळे मिटून ती केवढी मोठी करून ठेवली होती."

पुढचे काही आठवडे त्या दोघी रोज सकाळी एकमेकींना टोचत होत्या. पण त्याने महाडचा प्रश्न सुटत नव्हता, शिमग्याचाही नाही. स्वतःचा हात स्वतःवर चालवायचा राहिलाच होता.

तो दिवस रविवार. वहिनींनी दवाखान्यात जायचं नाही असं आदल्या दिवशीच ठरवलं होतं. दादांना आणि नीताला त्यांनी मुद्दाम बाहेर पाठवलं, माझे यजमानही गेले. घरात आम्ही दोघीच. स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांनी औषध भरलं, वरची हवा काढली. पदर बाजूला करून कमरेशी पोटाची घडी चिमटीत धरली. आणि थांबल्या. बराच वेळ थांबल्या. खालून पाववाल्याची घंटा ऐकू आली, नळाला पाणी आलं, कुणीतरी हंडा लावला. "मंगल, तू बोलत राहा," त्या म्हणाल्या. "काहीही बोल. गप्प बसू नकोस." मी शाळेतलं बोलायला लागले. आमच्या मोठ्या बाईंनी नवीन पडदे कसे आणले आणि ते खिडकीला कसे आखूडच पडले, ते सांगायला लागले. वहिनी मधेच म्हणाल्या, "किती आखूड?" मी हाताने दाखवलं. त्यांनी हातभर अंतर बघितलं, मान डोलावली आणि सुई टोचली.

मी बोलायची थांबले. त्यांनी सावकाश औषध आत सोडलं, सुई बाहेर काढली, कापूस दाबला. "झालं," त्या म्हणाल्या. मग उठून मोरीत गेल्या आणि त्यांना उलटी झाली. चूळ भरून, तोंड धुऊन आल्या, पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, "पडदे परत केले की नाही मग?"

दुसऱ्या दिवशी भीती वाटली नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी जास्त वाटली, कारण आता काय करायचंय ते माहीत होतं. पुढे उलट्या थांबल्या. हाताचं थांबणं कमी होत गेलं. प्लास्टिकच्या सुया बाजारात आल्या, त्या बारीक होत्या, दुखायचं कमी झालं. पण टोचायच्या आधी एक क्षण त्या श्वास रोखून धरायच्या तो अगदी शेवटपर्यंत. मी एकदा विचारलं होतं, "वहिनी, अजून?" तर म्हणाल्या, "अजून. ती येते, बसते शेजारी. मी माझं काम करते."

हिराबाईंनीही त्याच महिन्यात स्वतःचं स्वतः घ्यायला सुरुवात केली. त्या दिवशी त्या थेट टेलिफोन ऑफिसात आल्या, दाराशी उभं राहून ओरडल्या, "बाय! घेतली मी! माजी मीच घेतली!" आत पुण्याचा कॉल चालू होता, तो पलीकडच्या माणसानेही ऐकला असणार.

त्याच वर्षी पावसाळ्यात वहिनींची आई आजारी पडली. वहिनींनी रजा टाकली, थर्मासमध्ये बर्फ आणि त्यात औषधाच्या बाटल्या घेतल्या आणि महाडला गेल्या. तिथे फ्रीज कुठला! बर्फ वितळल्यावर त्यांनी बाटल्या ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवल्या. आईच्या उशाशी बसून रोज दोन वेळा स्वतःला टोचून घेतलं. आईच्या शेवटच्या श्वासापर्यंत त्या तिच्याजवळ होत्या. परत आल्या तेव्हा डोळे सुजलेले होते, पण मला म्हणाल्या ते एवढंच, "राहता आलं गं."

नंतर डॉक्टरच लोकांना त्यांच्याकडे पाठवायला लागले. नव्याने इन्सुलिन सुरू झालेला कुणी घाबरून नाही म्हणत असला की सांगायचे, "तळ्याजवळ टेलिफोनवाल्या बाई राहतात, एकदा भेटून या." रविवारी सकाळी कुणी ना कुणी जिना चढून यायचं. कामोठ्याचे शेतकरी आले, कोर्टातले एक कारकून आले, कॉलेजातली एक मुलगी आईला घेऊन आली. "घाबरू नका" हे शब्द वहिनींच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. "भीती वाटते ना? वाटणारच. मलाही वाटते, हे बघा," म्हणायच्या आणि त्यांच्यासमोर स्वतःचं इंजेक्शन घ्यायच्या. एक रिक्षावाला सुईचं टोपण काढल्याबरोबर आडवाच झाला. वहिनींनी त्याच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि शेंगा निवडत बसल्या. तो शुद्धीवर आला तर म्हणाल्या, "बरं झालं, आता पडायचं राहिलं नाही. बसा उठून." तो माणूस पुढे दरवर्षी दिवाळीला घरी यायचा. सगळ्यांना जमलं असंही नाही. काही दुसऱ्यांदा आलेच नाहीत. त्यांच्याबद्दल वहिनी बोलत नसत, पण रविवारी जिन्यात पाय वाजले की वाकून बघत.

दरम्यान एसटीडी आलं, गल्लोगल्ली पिवळ्या पाट्यांचे बूथ आले, नंबर जोडून देणाऱ्या आवाजाची गरज संपली. वहिनींना तक्रारीच्या खिडकीवर बसवलं. मी आणि यजमानांनी नव्या पनवेलला फ्लॅट घेतला, दादा-वहिनी तळ्याजवळच राहिले. हिराबाई मात्र हिवाळ्यात वालाच्या शेंगा आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन जुन्या घरी येतच राहिल्या.

वहिनी गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, रविवारीच, मी दादांकडे होते. घर आवरायचं म्हणून गेले होते, पण काहीच आवरलं नव्हतं. इतक्यात जिन्यात पाय वाजले. मध्यम वयाचं एक जोडपं. बाईंच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाची पिशवी, चेहरा पडलेला. "टेलिफोनवाल्या बाई इथेच राहतात ना?" नवऱ्याने विचारलं. चिठ्ठी जुनी होती. त्यांनी यायला महिना लावला होता, घाबरूनच. दादा दारात उभे राहिले. आता ते सांगणार आणि ही माणसं खाली मान घालून जिना उतरणार, असं मला वाटलं.

"या, आत बसा," दादा म्हणाले. "थोडा वेळ लागेल." त्यांनी चपला घातल्या आणि निघाले. दादा आयुष्यात कधी मासळी बाजाराच्या आत गेले नव्हते. त्या दिवशी गेले. परत आले ते हिराबाईंना घेऊन. हिराबाईंनी मोरीवर हात धुतले, वहिनी बसायच्या त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या आणि त्या बाईंना जवळ बोलावलं. मी बाईंच्या पाठीशी उभी राहिले. सगळं सुरळीत पार पडलं असं नाही. बाई दोनदा रडल्या, हिराबाई एकदा रागावल्या. पण अखेर बाईंनी स्वतःच्या हाताने इंजेक्शन घेतलं.

स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला म्हणून मी आत गेले. इन्सुलिन घेतल्यावर लवकर पोटात काहीतरी जायला हवं, म्हणून वहिनींकडे शिकायला आलेला माणूस खाल्ल्याशिवाय कधी जात नसे. पोहे व्हायचेच. दादांनी कढई चढवली होती. आयुष्यात पहिल्यांदा. मोहरी करपली होती, कांदा जाडजाड चिरला होता. मी झारा घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी दिला नाही.

पोहे कोरडे झाले होते, मीठही जरा जास्त. दादांनी बशी त्या बाईंच्या हातात दिली आणि समोर उभे राहिले. "सगळे खा," ते म्हणाले. "अर्धवट ठेवायचे नसतात."

बाईंनी सगळे खाल्ले.